डिंगीचं पंक्चर : ठिगळ टिकतं कसं

सकाळी डिंगी (हवा भरून फुगवायची छोटी होडी) ढिली दिसली म्हणजे ती गळतेच असं नाही. दुपारी ३० अंशांत ०.२५ बारपर्यंत फुगवलेली डिंगी रात्री १० अंशांवर आली की जराही हवा न जाता दाब ०.१७ बारच्या आसपास उतरतो. ऊन चढल्यावर ती पुन्हा टणक झाली, तर तिला काहीही झालेलं नाही.

तरीही ढिलीच राहिली तर आधी व्हॉल्व्ह बघा. टोपण काढून साबणाचं पाणी ओता. बुडबुडे आले तर आतल्या पडद्यावरची वाळू पुसा आणि व्हॉल्व्ह त्याच्या पान्याने आवळा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर ब्रशने सगळ्या ट्यूबवर, विशेषतः जोडांवर, साबणपाणी फिरवा. मोठं भोक लगेच बुडबुडे काढतं. सुईएवढ्या भोकावर मात्र पांढऱ्या बारीक फेसाचा एक ठिपका हळूहळू वाढतो. त्यामुळे प्रत्येक भागापाशी मिनिटभर थांबा.

मग कापड ओळखा. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत असतील तर पीव्हीसी. आतली बाजू मंद, वेगळ्या पोताची असेल तर हायपालॉन, म्हणजे कृत्रिम रबराचं कापड. पीव्हीसीला दोन भागांचा (ग्लू आणि त्यात मिसळायचा हार्डनर) पॉलियुरेथेन ग्लू लागतो, हायपालॉनला निओप्रीनचा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन नको. सिलिकॉन तर मुळीच नको, त्याचा अंश राहिला की नंतर तिथे काहीच धरत नाही.

ठिगळ गोल कापा, कारण कोपरे आधी उचलतात. भोकाच्या सगळ्या बाजूंनी ते ५ सेंटीमीटर पुढे यायला हवं. हायपालॉन पॉलिश पेपरने घासून घ्या. पीव्हीसी मी घासत नाही, ॲसिटोनने पुसतो.

आता ग्लू. माझी पहिली तीन ठिगळं इथेच निकामी झाली. ग्लू लावला, ओला असतानाच ठिगळ दाबलं, वर वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी उन्हात कडा वर आल्या. सोलून पाहिलं तर ग्लू आत तसाच ओला, मधासारख्या तारा सुटत होत्या. ग्लूमधलं सॉल्व्हंट, म्हणजे त्याला पातळ ठेवणारा द्रव, उडून गेल्याशिवाय तो धरत नाही, आणि या कापडातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. आत अडकलेलं सॉल्व्हंट उन्हात फुगतं आणि ठिगळ उचलतं. ‘भरपूर ग्लू लावा’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

हवा पूर्ण काढून तो भाग सपाट फळीवर पसरा. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. खिडक्या उघड्या, जवळपास आग नको. डिंगीवर आणि ठिगळावर, दोन्हीकडे पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. मग दुसरा पातळ हात. आता बोटाचं पेर टेकवून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण ग्लू पेरावर येता कामा नये. त्याला १० मिनिटं लागतील की २५, ते हवेवर अवलंबून आहे. घड्याळापेक्षा पेरावर विश्वास ठेवा. पॉलियुरेथेन जास्त सुकला तर दोन्ही बाजू हेअर ड्रायरने गरम केल्या की पुन्हा धरतो. घाई केलेल्याला असा उपाय नाही.

दमट दिवशी हे काम करूच नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि ग्लू पांढुरका पडतो. तसा दिसला तर पुसून काढा, दुसऱ्या कोरड्या दिवशी पहिल्यापासून करा.

ठिगळ एका कडेपासून टेकवत न्या, सरकवायची संधी मिळत नाही. नंतर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे जोर लावून घोटा. कडेला घोटताना सर्वांत जास्त वेळ द्या.

किमान २४ तास हवा भरू नका. डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा. मग पूर्ण दाबाने फुगवा, ठिगळाच्या कडेने साबणपाणी फिरवा, दाब लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला पुन्हा मोजा.