हनुक्कात मुलं कंटाळतात? भेटवस्तू वाढवण्याआधी या चुका टाळा

हनुक्का, आम्हा यहुद्यांचा दिव्यांचा सण. आठ रात्री, भेटींची आठ खोकी. पहिल्या रात्री मुलं नाचतात, तिसऱ्या रात्री "एवढंच?" म्हणून तोंड वाकडं करतात. रोज भेट द्यायची टूम अमेरिकेत, नाताळच्या शेजारात फोफावली. जुना रिवाज मुलांच्या हातावर चार नाणी ठेवायचा. तेव्हा खोकी खुशाल बंद करा. सण बेचव होतो तो दुसऱ्याच कारणांनी.

दिवे मोठ्यांनीच लावायचे आणि मुलांनी लांबून बघायचं, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. पहिल्या रात्री एक, मग रोज एकेक वाढत, आणि बाकीच्या पेटवणारी रोजची मेणबत्ती, म्हणजे शामाश, धरून आठ रात्रींच्या ४४ मेणबत्त्या होतात. त्या मोजणं, रंग निवडणं मुलांवर सोपवा. दिवठणीत खोचायच्या उजवीकडून, पेटवायची मात्र आजची नवी आधी, म्हणजे डावीकडून. इथे बाबा हमखास गडबडतात आणि मुलं टपूनच असतात! मेणबत्ती लटपटत असेल तर बूड जरा वितळवून घट्ट बसवा. आणि पंखा बंद करा. आम्हा ठाणेकरांचा तो डिसेंबरातही गरगरत असतो, बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणता म्हणता ज्योत गुल.

दिवे लागले की सगळे आपापल्या फोनकडे वळतात, तेही नको. हा उजेड कामाचा नाही, नुसता बघायचा. निदान अर्धा तास तो टिकतो, तेवढा वेळ मुलांजवळ बसा. मक्काबींची, म्हणजे परक्या राजाशी झुंजून मंदिर परत मिळवणाऱ्या यहुदी वीरांची, लढाई सांगाच, पण आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, कोकणातल्या पूर्वजांना हा सण ठाऊकच नव्हता, इतर यहुद्यांशी गाठ पडल्यावर तो आला, हेही सांगा. मग प्रश्नच प्रश्न!

चौकोनी भोवऱ्याचा खेळ रेंगाळतो, कारण ढिगारा मोठा असतो. प्रत्येकी दहाच मनुका द्या. भोवऱ्याच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं असतात: नुनला काही नाही, गिमेलला सगळं, हेला अर्धं, शिनला एक टाकायचा. ज्योती विझल्या की डाव मोडा.

बटाट्याचे लाटके (किसाच्या तळलेल्या वड्या) तेलात विस्कटतात ते पाण्यामुळे. कीस पंच्यात बांधून मुलांना पिळायला द्या, दंडातली रग जिरते. निथळलेल्या पाण्याच्या तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओता, साका किसात परत मिसळा.

शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांआधी लावायचे असतात. त्या दिवसासाठी जाड मेणबत्त्या आधीच बाजूला काढून ठेवा, बारक्या अंधार पडायच्या आतच संपतात.