गाडी पासिंगला लावण्याआधी एवढं बघून घ्या, सोलापूरच्या ट्रक-टेम्पोवाल्यांसाठी

दरवर्षीचं आहे हे. साखर कारखान्यांची मोळी पडली म्हणजे गाळप सुरू झालं, मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागली की मग एमएच १३ वाल्यांना आठवतं की फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा दाखला, पासिंग झालं की मिळतो तो) संपलाय, पीयूसी पण गेलीय, आणि नेमकं तेव्हाच वायुवेग पथक, म्हणजे आरटीओचं तपासणी पथक, हायवेला उभं. भाडं सोडता येत नाही आणि गाडी काढायची भीती. म्हणून हे सीझनच्या आधीच वाचा, आणि ड्रायव्हरला पण वाचून दाखवा, कारण अडवतात त्याला, मालकाला नाही.

आधी तारीख. नवीन गाडीला फिटनेस दोन वर्षाचा मिळतो, त्यानंतर गाडी आठ वर्षाची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि आठ वर्षं झाली की दरवर्षी. फिटनेस संपला की कायद्याच्या नजरेत (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६) गाडीचं रजिस्ट्रेशनच वैध नाही असं धरतात, म्हणजे आरसी खिशात असून उपयोग शून्य. दंड पहिल्यांदा ५ हजारापर्यंत, परत सापडलात तर १० हजारापर्यंत. केंद्राच्या नियमात उशिराची जादा फी दिवसाला ५० रुपये आहे ती वेगळीच, गाडी चार महिने गॅरेजला पडून होती हे काय त्या मीटरला कळत नाही. दंडापेक्षा मोठी भीती इन्शुरन्सची. अपघात झाला की सर्व्हेअर आधी फिटनेस आणि परमिटची तारीख बघतो आणि तिथंच क्लेम अडकतो.

तर अर्ज महिनाभर आधी टाका, परिवहनच्या वेबसाईटवर ऑनलाईन होतो, फी भरायची आणि स्लॉट घ्यायचा. एक गोष्ट बरेच जण विसरतात, गाडी सेकंड हँड घेतली असेल तर 'वाहन' ह्या सरकारी ऑनलाईन रेकॉर्डला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा. बऱ्याचदा जुन्या मालकाचा नाहीतर एजंटचा असतो, ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तुम्ही बसता फोन लावत. नंबर आधी बदलून घ्या. टॅक्स, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, गाडी आठ वर्षावर गेली असेल तर पर्यावरण कर भरलाय का बघा, आणि ई-चलन किती थकलेत ते पण एकदा तपासा. पीयूसी बीएस फोर आणि बीएस सिक्सच्या (धुराचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांना वर्षभर चालते, त्याच्या आधीच्या गाड्यांना सहा महिनेच.

आता खरं काम, गाडी. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. नियमात आकडा आहे, ताशी ३० च्या स्पीडला ब्रेक मारला की १३ मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे. नुसती थांबून भागत नाही, सरळ थांबली पाहिजे. एका बाजूला ओढत असेल तर लायनर एकीकडंच खाल्लेत नाहीतर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारा पार्ट) कमीजास्त झालेत, मिस्त्रीला चारी ड्रम उघडायला लावा, "एकच बघतो मालक, बाकीचे ओके असतील" असं म्हणला तर ऐकू नका. एअर ब्रेकच्या गाडीला घरच्या घरी एक टेस्ट आहे, टाकीत हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा आणि ऐका. फुस्स आवाज आला किंवा गेजचा काटा खाली यायला लागला तर कुठंतरी पाईप नाहीतर डायफ्रॅम गेलाय. टाकीतलं पाणी रोज सोडायचं, हे क्लीनरला सांगून ठेवा.

टायर. खाच कमीत कमी १.६ मिलीमीटर पाहिजे. खाचेच्या तळाला छोटे उंचवटे असतात, टायर घासून त्यांच्या लेव्हलला आला की संपला. पासिंगपुरते चांगले टायर मागून आणायचे, संध्याकाळी परत काढून गोटे म्हणजे घासून गुळगुळीत झालेले टायर चढवायचे, हा धंदा सगळ्यांना माहितीय आणि मला तो निव्वळ येडेपणा वाटतो. एक दिवस साहेब बघणार, बाकी वर्षभर तुळजापूरचा घाट तुम्हालाच उतरायचाय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, हवा कमी असलेला टायर अशा डांबरावर जास्त तापतो आणि फुटतो, त्यामुळं हवा सकाळी टायर गार असताना चेक करा. दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका, गार झाल्यावर ती कमी भरते. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी रबर चढवलेला टायर, पुढं कधीच लावू नका.

बाकीचं पटपट. हेडलाईट, इंडिकेटर, ब्रेक लाईट, रिव्हर्स लाईट सगळं चालू. रिफ्लेक्टर पट्टी पुढं पांढरी, मागं लाल, बाजूला पिवळी, आणि ती मान्यताप्राप्त कंपनीचीच, दुकानातली स्वस्तातली चमकणारी पट्टी चालत नाही. मागचा अंडररन गार्ड (धडकलेली छोटी गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा बार) आणि साईड गार्ड जागेवर पाहिजेत, फाळका (हौद्याचा मागचा दरवाजा) उघडायला आड येतो म्हणून बरेच जण गार्ड कापून टाकतात, तो आधी वेल्डिंग करून घ्या. स्पीड गव्हर्नर (वेगावर मर्यादा घालणारं यंत्र) ताशी ८० चा, सील तोडलेलं नको. प्रेशर हॉर्न काढा. वायपर, आरसे, वॉर्निंगचा त्रिकोण, फर्स्ट एड, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. चेसिस नंबरवर ग्रीस आणि माती बसलेली असते, ती रॉकेलनं पुसून ठेवा, नाहीतर नंबर दिसत नाही म्हणून खोळंबा होतो. गाडी धुऊन न्या, खालची गळती लपवायला नव्हे, ती तुम्हाला दिसावी म्हणून.

जिथं ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन सुरू झालंय तिथं ब्रेक, लाईट, धूर हे सगळं मशीन मोजतं, तिथं ओळखपाळख चालत नाही. नापास झाली तर घाबरू नका, कशात नापास ते रिपोर्टमध्ये येतं, तेवढं दुरुस्त करून परत टेस्ट द्या. महिना आधी जा म्हणतोय ते ह्यासाठीच.

पासिंग झालं म्हणजे सुटलो असं नाही, रस्त्यावर खरी मार ओव्हरलोडची आहे. कायद्यात २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, उतरवायचा खर्च पण तुमचाच. वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४० हजार. २०१८ ला ॲक्सलचं वजन वाढवलं, दोन ॲक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ टनावर गेला, पण तुमच्या आरसीवर जुनाच आकडा असेल तर तोच धरा, "नियम बदललाय साहेब" म्हणून रस्त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भरल्यावर वजनकाट्यावर जा आणि पावती बिल्टीला (मालाच्या वाहतुकीच्या कागदाला) लावून ठेवा. व्यापारी म्हणतो अजून दहा पोती टाका, त्याला सांगा की कलमात "चालवणारा किंवा चालवू देणारा" दोघं येतात.

मंगळवेढ्याकडून कडबा आणणाऱ्यांनी वेगळं लक्ष द्या. वजन हलकं म्हणून दोन्ही बाजूला फुगवून भरतात, पण हौद्याच्या बाहेर माल आला तर त्याला पण २० हजारच आहेत, वजन किती भरलं ह्याचा संबंध नाही.

गाडी अडवली तर कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात, प्लास्टिकच्या पिशवीत भिजलेली झेरॉक्स शोधत बसू नका. फक्त ते ॲप ड्रायव्हरच्या फोनमध्ये पाहिजे, मालक घरी झोपलाय आणि ॲप त्याच्या फोनमध्ये असं नको. विजापूर नाहीतर हैदराबादकडं जाणाऱ्यांनी नॅशनल परमिटचं ऑथोरायझेशन चालू आहे का ते निघायच्या आधी बघा, ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं. आणि साधी, मल्टीॲक्सल (दोनपेक्षा जास्त ॲक्सलची) नसलेली गाडी १२ वर्षावर गेली की नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टीॲक्सलला १५. जुना ट्रक विकत घेताना हे आधी मोजा, भाव नंतर ठरवा.