बेळगावहून बदामी-विजापूरला निघताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "तीन दिवस आहेत. सौंदत्ती, बदामी, विजापूर, वाटेत द्राक्षबागा. बसतंय ना?" किलोमीटर मोजून झालेले असतात, तिथी कुणी बघितलेली नसते. आमच्या भागात गाडी काढायची तर नकाशाच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं लागतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

पौर्णिमेला सौंदत्ती, आणि त्याच दिवशी पुढचा मुक्काम

ही चूक मी स्वतः केली आहे. मावशीचा यल्लम्माला नवस होता. बेळगावहून सौंदत्ती ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सकाळी दर्शन, दुपारी बदामी, असा बेत. मार्गशीर्ष पौर्णिमा आहे हे ठाऊक होतं. पौर्णिमेचं दर्शन म्हणजे चांगलंच की, म्हणून निघालो.

त्या पौर्णिमेला अर्धं कोल्हापूर डोंगरावर असतं. जोगुळभावीच्या अलीकडेच गाडी थांबली. पुढे एसट्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेल्या जोगतिणी, भंडाऱ्यानं पिवळा झालेला रस्ता. दर्शन झालं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. बदामीच्या खोलीचे पैसे आगाऊ भरलेले, म्हणून अंधारातच रामदुर्गच्या रस्त्याला लागलो.

डिसेंबर म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियम. समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले, आणि ट्रॉली दिसली तेव्हा मधे दहा-बारा हात उरले होते. करकचून ब्रेक दाबला. मावशीच्या मांडीवरचा प्रसादाचा नारळ उडून पुढच्या सीटखाली गेला. काचेसमोर, हात लांबवला तर लागावीत इतकी जवळ, उसाची कापलेली टोकं. बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

तेव्हापासून गाळप हंगाम संपेपर्यंत दिवस मावळला की माझी गाडी उभी. अथणी, रायबाग, जमखंडी, मुधोळ, सगळीकडे हीच तऱ्हा. "मी सावकाश चालवतो" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. रात्री गाडी रेटून एक दिवस वाचवणं मला अजिबात पटत नाही.

माघी पौर्णिमेलाही सौंदत्तीला हीच गर्दी. पौषात बदामीजवळ बनशंकरीची जत्रा, माघात चिंचलीची मायाक्का. जत्रा बघायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. १ नोव्हेंबरला बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेध फेरीही असते. त्या दिवशी शहरात शिरू नका.

बदामी, पट्टदकल, ऐहोळे एका दुपारी

तिन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत म्हणून लोक चार तासांत उरकतात. ऐहोळेला खालचं दुर्ग मंदिर बघायचं, फोटो काढायचे आणि निघायचं. टेकडीवरच्या मेगुतीच्या देवळाला कोण चढणार! अहो, तिथे इसवी सन ६३४ चा रविकीर्तीचा शिलालेख आहे. चालुक्य राजा पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षाला हरवल्याची हकीकत त्यात आहे, आणि ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला, हेही. मराठी माणसानं त्या दगडासमोर पाच मिनिटं उभं राहू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बदामीला एक रात्र, जमल्यास दोन. पट्टदकलच्या विरूपाक्षात अजून पूजा चालते, त्यामुळे चपला बाहेर. उन्हाळ्यात दुपारी फरशी तव्यासारखी तापते. मी जुने मोजे गाडीतच ठेवतो. बदामी-ऐहोळेची संग्रहालयं शुक्रवारी बंद. बदामीच्या लेण्यांत खाऊची पिशवी हातात नको, माकडं हिसकावतात.

विजापूरच्या गोलघुमटाला दार उघडताच जा. घुमटाच्या सज्जात एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येते, पण सहलीच्या शाळा आल्या की ती विसराच.

घरची ठिकाणं शेवटच्या दिवसावर टाकू नका. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती हे जैन मंदिर आणि खानापूर तालुक्यातली कदंब राजांची हलशी यांना पहिलाच दिवस द्या.

जुलैत द्राक्षं

श्रावणात येऊन "बागेत घड कुठायत?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. अथणीकडचं तेलसंग असो की विजापूरकडचं तिकोटा, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मधल्या पावसाळ्यात वेलीला नुसता पाला. घड बघायचे तर जानेवारीअखेर ते मार्च.

आणि इथल्या बागा म्हणजे मुख्यतः बेदाणा. चाखायला वाइन मिळेल या आशेवर येऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याचं शेड बघा. द्रावणात बुडवून काढलेले घड जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरलेले असतात. पंधरवड्याभरात हिरवा मणी आक्रसून सोनेरी होतो, आणि आत शिरल्याबरोबर गोडसर वास नाकात भरतो.

बागेत मात्र न विचारता पाऊल टाकू नका. फवारणी कधी झाली ते मालकालाच माहीत, म्हणून घडाला हात लावू नका आणि पोरांनाही लावू देऊ नका. बांधावरूनच हाक मारायची, "मालक, बाग बघू काय?" आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. निघताना शेडवरूनच दोन किलो बेदाणा विकत घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.