जुनं लॅटिन पान हाती आलं की आधी मोकळ्या जागा बघा

जुन्या लॅटिन हस्तलिखिताचं पान समोर आलं की लगेच वाचायला बसू नका. मी शिकवताना पहिल्यांदा एकच प्रश्न विचारते: शब्दांमध्ये जागा सोडली आहे का? भाषा येत नसली तरी याचं उत्तर देता येतं, आणि पानाचा काळ ठरवायला तिथूनच सुरुवात होते.

जागा अजिबात नसेल आणि सगळी अक्षरं मोठी असतील, तर पान बरंच जुनं असू शकतं. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. 113) शब्दांच्या मध्ये ठिपके कोरलेले आहेत. पुस्तकांतून मात्र हे ठिपके पुढे नाहीसे झाले आणि सलग ओळ उरली. अशी ओळ डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. 'इनप्रिन्सिपिओएरातवेर्बुम' (आरंभी शब्द होता) हे दोनतीनदा म्हटलंत की 'एरात' (होता) आपोआप सुटं होतं. लॅटिन ज्यांची रोजची भाषा होती त्यांना कान पुरत होता.

आयर्लंडच्या भिक्षूंना तो पुरेना. त्यांच्यासाठी लॅटिन ही शिकून घेतलेली, परकी भाषा. म्हणून सातव्या-आठव्या शतकात तिथल्या लेखनिकांनी शब्द सुटे लिहायला सुरुवात केली. या शोधाचं श्रेय मी मनापासून त्यांना देते, कारण आज आपण मनातल्या मनात भराभर वाचतो त्याच्या मुळाशी तो आहे. पण सवय एकदम बसली नाही. छोटी शब्दयोगी अव्ययं पुढच्या शब्दाला चिकटलेलीच राहिली: 'इनप्रिन्सिपिओ एरात वेर्बुम'. अशा अर्धवट जागा दिसल्या तर एका ओळीवरून निष्कर्ष काढू नका, पूर्ण पान तपासा.

आता अक्षरं. ए, डी, ई, एम गोलसर, आणि डीचा दांडा डावीकडे कललेला असेल तर ती अन्शियल लिपी. इंग्लंडमध्ये 716 पूर्वी लिहिलेलं अमियाटिनस बायबल हा तिचा देखणा नमुना. अक्षरं लहान, सुटसुटीत, काहींचे दांडे ओळीच्या वर-खाली गेलेले असतील तर कॅरोलिंगियन. ही फ्रँक राजा शार्लमेनच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या कॉर्बीसारख्या मठांत घडली.

गॉथिक लिपीमध्ये मात्र खरी कसोटी लागते. बाराव्या शतकापासून अक्षरं दाटीने, टोकदार येऊ लागली. आय, एन, एम, यू ही चारही सारख्याच उभ्या रेघांची. 'मिनिमुम' या शब्दात अशा पंधरा रेघा एका रांगेत येतात. अक्षरं ओळखण्याच्या फंदात न पडता पेन्सिलच्या टोकाने (कागदाला न टेकवता) रेघा मोजा, मग बसतील तसे गट पाडा. आयवर बारीक तिरकी रेघ देण्याची पद्धत याच गोंधळातून आली, पुढे तिचा ठिपका झाला.

तो ठिपका शेवटी एका फसव्या जागी कामाला येतो. 1400 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी हा विद्वान आणि त्याच्या मित्रांनी कॅरोलिंगियन वळण मुद्दाम पुन्हा उचललं, त्यामुळे त्यांची पानं सहाशे वर्षांनी जुनी वाटतात. आयवर ठिपके असतील आणि त्यांची शाई मजकुराच्या शाईशी जुळत असेल, म्हणजे नंतरच्या वाचकाने ते घातलेले नसतील, तर नवव्या शतकाचा विचार सोडून द्या.