वजनाच्या ऑपरेशनची मंजुरी: फाईलमधल्या या चुका टाळा

‘डॉक्टर, विम्यासाठी एक पत्र हवं होतं.’ दवाखाना बंद व्हायच्या वेळी दारात उभं राहून मागितलेलं आणि उभ्या उभ्याच लिहून मिळालेलं चार ओळींचं पत्र. ते खिशात घालून माणूस मांडवी एक्सप्रेसने मुंबई गाठतो, सर्जनला भेटतो, ऑपरेशनची तारीखही घेतो आणि मग विमा कंपनीचं उत्तर येतं: नामंजूर. घरातले सगळे मिळून कंपनीला शिव्या घालतात. कंपन्या काही साध्याभोळ्या नसतात, पण फाईल उघडून बघितली तर निम्मं काम आपल्याच हाताने बिघडलेलं असतं.

आधी नियम, कारण तो न वाचताच धावपळ सुरू होते. लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं कलम आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखं ठरवून दिलंय. पॉलिसीत ते ‘एक्सक्ल ०६’ या कोडखाली सापडतं. ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय प्रोटोकॉलला धरून हवं, वय किमान १८ हवं आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त. बीएमआय ३५ ते ४० च्या मधे असेल तर आहार-व्यायामासारखे साधे उपाय करून फसलेले हवेत, शिवाय चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेला टाईप २ मधुमेह. गुडघेदुखी, बीपी, फॅटी लिव्हर, पीसीओडी यातलं काहीही त्या यादीत नाही. तरी निम्मी पत्रं गुडघ्यांवरच रडतात.

‘पण सर्जन म्हणाले, तुम्ही बसता!’ म्हणाले असतील, आणि बरोबरही असेल. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांना २७.५ बीएमआयपासूनही हे ऑपरेशन सुचवता येतं. ऑपरेशनची गरज ठरवायची पट्टी वेगळी आणि पैसे देणाऱ्याची वेगळी. बीएमआय ३३ असेल तर खर्च खिशातून धरूनच बोला. मुलाच्या मुंबईतल्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील असतील तर अटी थोड्या निराळ्या असू शकतात. त्याला एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवायला सांगा. ॲपवरचं रंगीत कार्ड म्हणजे पॉलिसी नव्हे.

आता माझा सगळ्यात नावडता घोटाळा: उंची. वजनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, उंची कोणी मोजतच नाही. ‘किती उंची?’ ‘असेल पाच फूट चार.’ झालं, लिहिलं. राजापूरच्या बाजूच्या एका बाईंची फाईल अशीच अडली. वजन १०४ किलो. गावातल्या दवाखान्यात भिंतीवरच्या पट्टीला चपला घालूनच उभं केलं, उंची लिहिली १६२ सेंटीमीटर. बीएमआय आला ३९.६. चार आजारांपैकी एकही नाही, म्हणजे नामंजूर. हॉस्पिटलात अनवाणी मोजल्यावर उंची निघाली १६० आणि बीएमआय ४०.६. दोन सेंटीमीटरच्या चपलेने नियमाच्या बाहेर काढलं होतं. आता सुधारणा सोपी वाटेल, पण कंपनीच्या हातात एकाच बाईच्या दोन उंच्या पडल्या आणि तिथल्या डॉक्टरला वास आला. शेवटी सर्जन आणि फिजिशियन दोघांनी वेगवेगळं मोजून, ‘पादत्राणांशिवाय, अमुक तारखेला’ असं लिहून सही-शिक्का दिला तेव्हा प्रकरण हललं. तोवर ऑपरेशनची तारीख गेली, गणपती आले नि गेले.

म्हणून पहिल्याच भेटीत अनवाणी, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला लावून उंची मोजून घ्या आणि तोच आकडा सगळीकडे जाऊ द्या. बीएमआयचं गणित स्वतः करा: किलोला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. त्यातच दुसरा खड्डा आहे. ऑपरेशनआधी यकृत आकसावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. याच बाईंचं वजन त्यात १०२ वर आलं असतं तर बीएमआय ३९.८! मंजुरीच्या अर्जात आहार सुरू होण्याआधीचं, तारखेसह नोंदलेलं वजन आणि आहार सुरू केल्याची तारीख दोन्ही लिहायला सांगा.

दुसरा घोटाळा बोलण्यातला. कुडाळकडच्या एका गृहस्थांना ॲडमिट करताना ज्युनियर डॉक्टरने विचारलं, साखर कधीपासून? ते सहज बोलून गेले, ‘धा वर्सां झाली आसतली.’ कागदावर उतरलं: मधुमेह, १० वर्षे. पॉलिसी चार वर्षांची. कंपनीने लगेच ‘आजार लपवून पॉलिसी घेतली’ असा शेरा मारला. प्रत्यक्षात साखर पहिल्यांदा सापडल्याचा लॅब रिपोर्ट अडीच वर्षांपूर्वीचा होता आणि तो घरी कपाटात पडला होता. आपल्याकडे ‘धा वर्सां’ म्हणजे ‘बरेच दिवस’, पण कंपनी त्याचे महिने मोजते. प्रत्येक आजाराचा पहिला रिपोर्ट शोधा, एका कागदावर आजाराचं नाव आणि सापडल्याची तारीख लिहा आणि जो विचारेल त्याच्यासमोर तोंडाऐवजी तो कागद धरा. आजार खरंच पॉलिसीच्या आधीचा असेल आणि सांगितला नसेल, तर डॉक्टरला तारीख मागे-पुढे करायला सांगू नका. ते खोटं जुन्या केसपेपरवर पकडलं जातं आणि डॉक्टरही अडकतात. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही. तेवढे महिने भरलेत का ते आधी मोजा.

पत्रातली एक ओळ अख्खी फाईल बुडवते: ‘पेशंटच्या इच्छेनुसार वजन कमी करण्यासाठी पाठवत आहे.’ नियम म्हणतो डॉक्टरांचा सल्ला, पत्र म्हणतं पेशंटची हौस. ‘मी या ऑपरेशनचा सल्ला देत आहे’ हे शब्द हवेत. त्यासोबत तारखेसह उंची-वजन-बीएमआय, प्रत्येक आजार कधीपासून, चालू औषधं डोससह, आधी केलेले उपाय आणि त्यांचं काय झालं, ऑपरेशनचं नाव (स्लीव्ह की बायपास), खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. गावातल्या डॉक्टरांचं पत्र जुन्या इतिहासासाठी फार कामाचं. आजाराच्या तीव्रतेसाठी मात्र एमडी फिजिशियनचं घ्या. डॉक्टरांसमोर ओपीडीची रांग असते, ते तुमची सहा वर्षं आठवत बसणार नाहीत. वरचे मुद्दे एका पानावर लिहून न्या, वेगळी वेळ मागा, वेगळी फी द्या. फुकटात आणि घाईत मागितलेलं पत्र तसंच मिळतं.

‘घोरतो’ लिहून स्लीप ॲप्निया सिद्ध होत नाही. झोपेची तपासणी लागते आणि तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडत असेल तर त्याला तीव्र म्हणतात. मधुमेह आटोक्यात नाही हे दाखवायला एचबीएवनसीचे (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांच्या अंतराने केलेले दोन रिपोर्ट ठेवा, आणि त्या काळात औषधं चालू होती याची चिठ्ठीही. पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांना पुरावा नसतो.

आहाराची वही! सहा महिन्यांची नोंद एका संध्याकाळी, एकाच पेनाने भरलेली लगेच ओळखू येते. दर महिन्याला बरोबर एक किलो कमी, नाश्त्याला ओट्स. मालवणात रोज ओट्स कोण खातं? खरी वही वेगळी दिसते: भात, सार, बांगडा, मे महिन्यात आंब्यांमुळे दीड किलो वर, चतुर्थीला मोदक. वजन उतरलं आणि परत चढलं हेच दाखवायचं असतं, मग लाजायचं कशाला? महिन्यातून एकदा त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर वजन करून केसपेपरवर लिहून घ्या. सहा नोंदी, सहा तारखा. याला शॉर्टकट नाही, आणि ‘पुढच्या महिन्यात करून टाकू’ म्हणणाऱ्यांनी सर्जनची वेळच घेऊ नये.

बारीकसारीक: आधारवर सासरचं नाव आणि रिपोर्टवर माहेरचं, असं चालत नाही. ईसीजीचा थर्मल कागद इथल्या दमट हवेत पुसट होतो, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पॉलिसीचा वेटिंग पिरियड (सुरुवातीचा, दावा न मिळण्याचा काळ) तपासा. मंजुरीआधी ॲडमिट होऊ नका. ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, अर्ज दोन आठवडे आधी जाऊ द्या.

नकार आलाच तर फोनवर भांडू नका. कलमासह कारण लेखी मागा. बऱ्याचदा तो नकार नसून ‘क्वेरी’ असते, एखादा कागद हवा असतो. कॅशलेस नाकारलं तरी खर्च करून नंतर दावा करता येतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तक्रारीसोबत मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.