परदेशात मदतीला जायचंय? आधी महिनाभर धडगावला राहून या

युद्ध संपलेल्या देशात व्हॉलंटियर म्हणून जायचं डोक्यात आलं की पोरं पहिले व्हिसा बघतात, पण त्याआधी आमच्या आत्याने विचारलेलं स्वतःला विचारा, "आठे कामं नही का रे भाऊ, तठे कसाले जास?" (इथे कामं नाहीत का, तिथे कशाला जातोस?) आणि तिथे उपयोगी पडेल असं नेमकं काय येतं तुम्हाला? शेतात ड्रिपची लाईन टाकता येते, नर्सिंग झालंय, हिशोब येतो, असं काहीतरी पाहिजे. "अनाथ मुलांना शिकवेन" हे तर डोक्यातून काढाच, कंबोडियात अशा आश्रमांतल्या बऱ्याच पोरांचे आईबाप जिवंत निघालेत, परदेशी लोक पैसे देतात म्हणून पोरं ठेवलेली.

सुरुवात यूएन व्हॉलंटियर्सच्या (संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम) ऑनलाईन कामापासून करा, घरबसल्या होतं. प्रत्यक्ष पाठवतात तेव्हा ते राहण्याखाण्याचा भत्ता देतात. उलट दोन आठवड्यांचे कोणी लाखभर मागत असेल तर ती टूर समजा.

मग महिनाभर सातपुड्यात धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर काम करून बघा, रेंज नाही, लाईटचा भरोसा नाही, तिथली पावरी बोली आपल्याला येत नाही, तरी चिडचिड न करता राहता आलं तर पुढचं बोलू.

कागदांचं थोडक्यात: पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली, पोलीस क्लिअरन्स, आणि टुरिस्ट व्हिसावर काम अजिबात नाही. दक्षिण सुदानसारख्या देशात जायचं तर यलो फीवरची लस सरकारमान्य सेंटरवरच घ्यावी लागते, निघायच्या किमान १० दिवस आधी. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा राव.

आता खरी भीती भूसुरुंगांची. कंबोडियातली लढाई १९९० च्या दशकाअखेर थांबली तरी शेतात अजून सुरुंग निघतात. आपल्याला बांधावरून, पडीक रानातून शॉर्टकट मारायची सवय, ती इथेच सोडून जा. मळलेली वाट सोडायची नाही, कवटीची लाल पाटी दिसली की मागे, पडलेलं लोखंड उचलायचं नाही, लघवीलासुद्धा झुडपात शिरायचं नाही. चुकून आत गेलातच तर जागीच थांबा, बाकीच्यांना ओरडून सांगा आणि मदत येईपर्यंत हलू नका.

पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव-नंबर द्या. आणि लोकांना "तुमच्या घरातलं कोण गेलं?" असं विचारत फिरू नका, त्यांना वाटेल तेव्हा चहा पिताना ते आपणच सांगतील, तोवर मोबाईल खिशातच राहू द्या.