व्होल्टेज आणि प्रवाह मोजून रोध व शक्ती कशी काढावी

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला, त्या बडोद्यात घरच्या उपकरणाचा हिशेब घरच्या माणसाला करता यावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दोन मापे आणि दोन सूत्रे पुरतात. व्होल्टेजला प्रवाहाने भागले की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मिळतो. व्होल्टेजला प्रवाहाने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. गणित सातवीच्या मुलालाही जमेल. चूक होते ती मापे घेताना आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लावताना, म्हणून त्याच भागाबद्दल येथे अधिक लिहीत आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातील गीझरचे उदाहरण घेऊ. त्याच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेले आहे. गीझर चालू असताना त्याच बोर्डावरील शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टेजवर ठेवून मोजले तेव्हा २२५ व्होल्ट आले. प्रवाह मोजण्यासाठी मात्र क्लॅम्प मीटरच (तारेभोवती जबडा अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) वापरावा, कारण मल्टिमीटर प्रवाहासाठी वाहत्या तारेच्या मधोमध जोडावा लागतो आणि घरच्या २३० व्होल्टांवर ते काम धोक्याचे आहे. मल्टिमीटरची तार प्रवाहाच्या छिद्रात राहून गेली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली, तर थेट शॉर्ट सर्किट होते. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच तार, फेज किंवा न्यूट्रल, आली पाहिजे; दोन्ही तारा असलेली अखंड केबल पकडली तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. तार वेगळी करण्यासाठी बोर्ड उघडावा लागत असेल, तर ते काम मेन स्विच बंद करून जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

आमच्याकडे प्रवाह ८.५ अँपिअर आला. २२५ ÷ ८.५ म्हणजे सुमारे २६.५ ओहम, आणि २२५ × ८.५ म्हणजे सुमारे १९१२ वॅट. शक्ती पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी दिसते म्हणून गीझर बिघडला असे समजू नये. पट्टीवरच्या आकड्यांवरून रोध काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग करून त्याला शक्तीने भागावे: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. दोन्ही रोध जवळजवळ सारखेच आहेत, म्हणजे कॉइल ठणठणीत आहे, फक्त व्होल्टेज थोडे कमी आहे. हेच व्होल्टेज २०० पर्यंत उतरले तर शक्ती सुमारे १५१० वॅटच राहील; पट्टीवरच्या २३० पेक्षा व्होल्टेज तेरा टक्के उतरले की शक्ती चोवीस टक्के उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. हिवाळ्यात पाणी तापायला जास्त वेळ लागण्याचे एक कारण येथे सापडू शकते.

हे सूत्र ज्याच्या त्याच्यावर डोळे झाकून चालवू नये. १०० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम असतो, पण थंड बल्ब मल्टिमीटरने मोजला तर तो चाळिसाच्या आसपास भरतो, कारण टंगस्टन तापले की त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. गीझरच्या कॉइलमध्ये हा फरक फारच थोडा असतो. पंखा आणि पाण्याचा पंप यांची गोष्ट आणखी वेगळी आहे: मोटरमध्ये व्होल्टेज आणि प्रवाह यांचे चढउतार एका वेळी होत नाहीत, म्हणून गुणाकाराला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला खऱ्या शक्तीचा वाटा किती ते सांगणाऱ्या आकड्याने, पुन्हा गुणावे लागते. पंप २३० व्होल्टवर ३ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर शक्ती ६९० नव्हे, ५५२ वॅट होते. मोटरच्या बाबतीत भागाकारातून निघणारा आकडाही वेटोळ्याचा रोध नसतो.

या दोन सूत्रांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग वायरिंग तपासण्याचा आहे. गीझर बंद असताना त्याच शेजारच्या सॉकेटमध्ये २३१ व्होल्ट होते, चालू केल्यावर २२५ झाले. हे ६ व्होल्ट तारांत आणि जोडांत गेले. ६ ÷ ८.५ म्हणजे सुमारे ०.७ ओहम, आणि ६ × ८.५ म्हणजे ५१ वॅट उष्णता. आमच्याकडे असलेल्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. बोर्ड विजेच्या मीटरपासून वीस मीटर अंतरावर आहे, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मीटर तारेचा रोध सुमारे अर्धा ओहम झाला. (गीझरसाठी ही तार बारीकच आहे, निदान अडीच चौरस मिलिमीटरची हवी.) उरलेला ०.२ ओहम जोडांत आणि घराबाहेरच्या तारेत आहे. तो सगळा एकाच सैल स्क्रूपाशी असेल, तर ८.५ × ८.५ × ०.२ म्हणजे चौदा-पंधरा वॅट उष्णता त्या एका बिंदूवर साचते आणि तेथले प्लास्टिक काळवंडते. गीझर पंधरा मिनिटे चालवून बंद करावा, प्लग काढावा, आणि त्याची पितळी पिन नव्हे, प्लास्टिकचा भाग हाताला गरम लागतो का ते पाहावे. लागत असेल, तर मेन स्विच बंद करून स्क्रू आवळून घ्यावेत, आणि पिन काळी पडली असेल तर प्लग व सॉकेट दोन्ही बदलावेत.